ऋण आयनांना ओळखणारे प्रकाशमान रेणु

कांचेच्या दोन स्वच्छ पेल्यांत दोन निरनिराळ्या विहिरींचें पाणी भरून ठेवलें, तर त्यांतील कोणतें पिण्यास योग्य व कोणतें अयोग्य हें पुष्कळदां नुसत्या डोळ्यांना सांगतां येत नाहीं. गढूळपणा दृष्टीस दिसतो, दुर्गंधि नाकाला कळते, खारटपणा जिभेला समजतो. पण कित्येक पदार्थ असे आहेत कीं, ते पाण्यांत विरघळून गेल्यावर रंग, वास किंवा रुचि यांपैकीं कोणतीच खूण मागें ठेवीत नाहींत. अशा पदार्थांना ओळखावें कसें, हा रसायनशास्त्रांतील एक जुना प्रश्न आहे. गेल्या कांहीं दशकांत शास्त्रज्ञांनीं त्याला एक मोठें मनोहर उत्तर शोधून काढलें आहे. तें असें कीं, नेमक्या एकाच पदार्थाला पकडणारा, आणि पकड बसतांच प्रकाशाच्या रूपानें तशी वर्दी देणारा रेणु बुद्धिपुरस्सर घडवावयाचा. अशा रेणूंना 'संवेदक' म्हणतात. या लेखांत ऋण आयनांना ओळखणाऱ्या संवेदकांची रचना कशी करितात, हें आम्ही वाचकांस सांगणार आहों.

प्रथम 'ऋण आयन' म्हणजे काय तें पाहूं. चिमूटभर मीठ पाण्यांत टाकलें म्हणजे तें दिसेनासें होतें, परंतु नाहींसें होत नाहीं. मिठाचा खडा हा सोडियम व क्लोरिन या मूलद्रव्यांच्या विद्युद्भारित कणांचा बनलेला असतो. पाण्यांत हे कण एकमेकांपासून सुटतात. सोडियमच्या कणावर धन विद्युद्भार असतो व क्लोराइडच्या कणावर ऋण. अशा कणांना 'आयन' हें नांव मायकेल फॅरडे यानें १८३४ सालीं रूढ केलें. केंब्रिजचा विद्वान विल्यम ह्यूएल याच्या सल्ल्यानें त्यानें हा शब्द ग्रीक भाषेंतून घेतला. त्याचा अर्थ 'जाणारा' असा आहे. कारण विजेच्या ओढीनें हे कण द्रावणांतून चालूं लागतात.

ऋण आयनांचें कुटुंब मोठें आहे. आपल्या रक्तांत व घामांत असतो तो क्लोराइड. हाडांत, दांतांत व प्रत्येक पेशीच्या आनुवंशिक द्रव्यांत असतो तो फॉस्फेट. शेतांतील खतांतून विहिरींत झिरपतो तो नायट्रेट. लिंबाच्या रसांत असतो तो सायट्रेट. अत्यंत विषारी म्हणून सर्वांना ऐकून माहीत असलेला तो सायनाइड. आणि ज्याविषयीं येथें विशेष सांगावयाचें आहे तो फ्लोराइड. यांतील कांहींवांचून जीवन चालत नाहीं, तर कांहींच्या अतिरेकानें तें धोक्यांत येतें. म्हणून ते आहेत कीं नाहींत एवढेंच नव्हे, तर किती आहेत, हेंहि कळणें अगत्याचें असतें.

फ्लोराइडचें उदाहरण महाराष्ट्रांतील पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें असें आहे. अत्यल्प प्रमाणांत फ्लोराइड दांतांना किडीपासून वांचवितो. परंतु तेंच प्रमाण वाढलें म्हणजे मुलांच्या दांतांवर पांढरे, पुढें पिंवळट व तपकिरी डाग पडतात. आणि असें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेलें तर सांधे आंखडतात, पाठीचा कणा ताठ होतो व माणूस तरुणपणींच वांकतो. या विकाराला फ्लुओरोसिस म्हणतात. हिंदुस्थानांत त्याची पहिली नोंद १९३७ सालीं मद्रास इलाख्याच्या नेल्लोर जिल्ह्यांतून झाली. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या भूजलांत फ्लोराइडचें प्रमाण अधिक आढळलें आहे. तो कोणी मुद्दाम मिसळीत नाहीं. जमिनींतील खडकांतूनच तो पाण्यांत उतरतो. दांतांवरचे डाग कायमचे असतात, कारण दांत हिरडीखालीं घडत असतांनाच ही हानि होऊन गेलेली असते. म्हणजे डाग दिसल्यावर सावध होणें हें त्या मुलापुरतें उशिराचें सावध होणें होय. शिवाय पाणी उकळल्यानें जंतु मरतात, पण फ्लोराइड जात नाहीं. उलट पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण किंचित् वाढतेंच.

भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या एक लिटर पाण्यांत १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असणें चांगलें, आणि दुसरा जलाशय उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाहि १.५ मिलिग्रॅमचीच आहे. एका लिटरांत एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लक्ष भागांत एक भाग. ज्वारीचे एक हजार दाणे साधारणतः तीस ग्रॅम भरतात. तेव्हां तीस किलोग्रॅमच्या पोत्यांत सुमारें दहा लक्ष दाणे आले. अशा पोत्यांत एकच दाणा निराळा असावा, व तो एक आहे कीं दोन आहेत हें बिनचूक सांगावें, इतकें हें काम नाजूक आहे. तें करूं शकणाऱ्या दूताला प्रकाशाची भाषा शिकविणें सोयीचें पडतें. कारण अंधारांतील अगदीं मंद उजेडसुद्धां आजच्या यंत्रांना टिपतां येतो.

ही प्रकाशाची भाषा कोणती? १८४५ सालीं जॉन हर्शेल यानें क्विनीनच्या, म्हणजे हिंवतापावरील कोयनेलच्या द्रावणाविषयीं एक चमत्कार नोंदविला. द्रावण आरपार पाहिलें तर पाण्यासारखें निर्मळ. पण सूर्यप्रकाशांत धरलें असतां त्याच्या पृष्ठभागाशीं सुंदर निळी प्रभा दिसे. १८५२ सालीं जॉर्ज गेब्रिअल स्टोक्स यानें तिचें मर्म उलगडलें. सूर्यप्रकाशांत जांभळ्या रंगाच्या पलीकडील, आपल्या डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. क्विनीन ते किरण गिळतें व त्यांतील थोडी शक्ति स्वतःजवळ खर्चून उरलेली निळ्या प्रकाशाच्या रूपानें परत देतें. या गुणाला 'फ्लोरेसन्स', मराठींत प्रतिदीप्ति, म्हणतात. हें नांव स्टोक्सनें फ्लोरस्पार नांवाच्या, असाच गुण दाखविणाऱ्या खनिजावरून दिलें. आणि गंमत अशी कीं, हें खनिज म्हणजे कॅल्शियमचा फ्लोराइडच होय. फ्लोराइड व फ्लोरेसन्स हे दोन्ही शब्द एकाच दगडाच्या नांवांतून निघाले आहेत.

रेणूच्या आंत काय घडतें तें पायऱ्यांच्या दृष्टान्तानें समजेल. रेणूंतील इलेक्ट्रॉन शक्तीच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर बसलेले असतात. प्रकाश गिळला म्हणजे एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, व खालीं त्याची जागा रिकामी राहते. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील थोडे भाग, बहुधा एक ते वीस, तो वर थांबतो आणि मग खालीं उतरतांना प्रकाश सोडतो. हा वेळ आपल्याला कांहींच वाटत नाहीं. पण रेणूच्या जगांत तेवढ्यांत पुष्कळ घडामोडी होऊं शकतात. त्या अवधींत कोणी आड आलें तर इलेक्ट्रॉन प्रकाश न देतांच खालीं येतो व शक्ति उष्णतेच्या रूपानें विरून जाते. दिवा विझविण्याची व पेटविण्याची किल्ली येथें आहे.

वरील गोष्टीचा एक सोपा प्रयोग विद्यार्थ्यांना वडील माणसांच्या देखरेखीखालीं करतां येईल. बाजारांत मिळणाऱ्या टॉनिक वॉटर नांवाच्या पेयांत थोडें क्विनीन असतें. तें दोन सारख्या पेल्यांत ओतून अंधाऱ्या खोलींत त्यांवर जंबुपार किरणांची विजेरी धरावी. दोन्ही पेले निळे उजळतील. मग एका पेल्यांत चमचाभर मीठ व दुसऱ्यांत तेवढीच साखर घालून ढवळावें आणि फेंस ओसरूं द्यावा. मिठाच्या पेल्यांतील प्रभा मंदावेल, साखरेच्या पेल्यांतील तशीच राहील. विजेरी डोळ्यांवर कधींही रोखूं नये. मिठाच्या अंगचा हा गुण क्लोराइड आयनाचा आहे. मीठाम्लानें क्विनीनची प्रभा मंद होते असें स्टोक्सनें १८६९ सालींच पाहिलें होतें. हाच धागा धरून १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं क्विनीनच्या गाभ्यासारखाच गाभा असलेला एक रेणु जिवंत पेशींतील क्लोराइड मोजण्यास वापरला. सिस्टिक फायब्रोसिस नांवाच्या आनुवंशिक रोगांत पेशींतून क्लोराइडची ये-जा नीट होत नाहीं, मुलांचा घाम नेहमींपेक्षां खारट होतो व फुप्फुसें चिकट कफानें भरतात. अशा रोगाचा अभ्यास करणाऱ्यांना हे रेणु फार उपयोगी पडले.

परंतु या पद्धतींत एक उणीव आहे. येथें क्लोराइड आयन उत्तेजित रेणूवर नुसता येऊन आदळतो व निघून जातो. ही ठोकर झाली, पकड नव्हे. ब्रोमाइड व आयोडाइड यांनींहि क्विनीनचा दिवा मंद होतो. किंबहुना अधिकच होतो. दारावर थाप पडली एवढें कळलें, पण थाप कोणाची तें कळलें नाहीं. पाहुणा ओळखावयाचा तर त्याला घरांत घेऊन बसविणारी, आणि दुसऱ्या कोणाला न मावणारी, अशी जागा रेणूंत करावयास हवी.

अशा जागेची कल्पना जुनी आहे. पाचक रस विशिष्ट पदार्थांवरच कां चालतात हें सांगतांना १८९४ सालीं एमिल फिशर यानें कुलूप-किल्लीचा दृष्टान्त दिला. मात्र आयनासाठीं कुलूप घडविण्याचें काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत साधलें. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीचे रसायनज्ञ चार्ल्स पेडरसन यांना एका प्रयोगांत हव्या असलेल्या पदार्थासोबत अगदीं थोडे रेशमासारखे पांढरे स्फटिक मिळाले. ते टाकून न देतां त्यांनीं तपासले, तेव्हां तो कंकणाकृति रेणु असून पोटॅशियमसारख्या धन आयनाला आपल्या मध्यभागीं धरून ठेवतो असें त्यांना आढळलें. हा शोध १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं त्याच कंपनींतील पार्क व सिमन्स यांनीं टोपलीसारखे रेणु बनवून त्यांत क्लोराइड हा ऋण आयन कोंडून दाखविला. १९८७ सालीं पेडरसन, डोनाल्ड क्रॅम व झां-मारी लेन या तिघांना या शास्त्राबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. पेडरसन यांच्याजवळ डॉक्टरेटची पदवी नव्हती. अनपेक्षित हातीं आलेल्या चिमूटभर पदार्थाकडे दुर्लक्ष न करण्याची वृत्ति त्यांच्याजवळ होती, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

धन आयनांपेक्षां ऋण आयनांना पकडणें कठीण. त्याचीं कारणें चार आहेत. पहिलें आकारमान. सोडियमच्या धन आयनांत व फ्लोराइडच्या ऋण आयनांत इलेक्ट्रॉन दहाच असतात. तरी पहिल्याची त्रिज्या १.०२ आंग्स्ट्रॉम, तर दुसऱ्याची १.३३. क्लोराइडची तर १.८१ आहे. (आंग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटावा भाग.) आयन मोठा म्हणजे त्याचा भार पसरट, व भार पसरट म्हणजे ओढ सौम्य. दुसरें कारण आकृति. क्लोराइड चेंडूसारखा गोल, सायनाइड काडीसारखा सरळ, नायट्रेट सपाट त्रिकोणी, फॉस्फेट चार टोंकांचा. ज्याचें त्याचें आसन निराळें. तिसरें कारण असें कीं, फॉस्फेटासारखे आयन पाण्याच्या आंबटपणाप्रमाणें हायड्रोजन घेतात किंवा सोडतात, म्हणजे वेष पालटतात. चौथें कारण सर्वांत बिकट आहे, व तें म्हणजे खुद्द पाणी. पाण्याचे रेणु आयनाभोंवतीं दाटीनें बिलगलेले असतात. आयन जितका लहान तितके अधिक घट्ट. फ्लोराइडला खोबणींत बसवावयाचें तर आधीं त्याला या गराड्यांतून सोडवावें लागतें. पुष्कळसे संवेदक जलरहित द्रावणांत उत्तम चालतात व पाण्यांत घालतांच निष्प्रभ होतात, तें यामुळेंच.

तथापि सृष्टींत ही अडचण केव्हांच सुटलेली आहे. सूक्ष्म जंतूंच्या अंगीं कांहीं प्रथिनें असतात. एक सल्फेट आणून देतें, दुसरें फॉस्फेट. या दोन आयनांचा आकार जवळजवळ सारखा आहे, तरी त्यांची अदलाबदल सहसा होत नाहीं. क्ष-किरणांच्या साहाय्यानें १९८५ सालीं पहिल्याची व १९९० सालीं दुसऱ्याची रचना उघड झाली. सल्फेटाला सात हायड्रोजन-बंधांनीं, म्हणजे हायड्रोजनमार्फत होणाऱ्या सात हलक्या पकडींनीं, आंतल्या आंत धरलेलें असतें, व पाणी त्या खोबणीबाहेर राहतें. फॉस्फेटाला अशा बारा पकडी असतात. त्यांतली एक मोठी चतुराईची आहे. खोबणींत एक ऋणभारित गट ठेवलेला असतो. फॉस्फेटाजवळ स्वतःचा हायड्रोजन असल्यामुळें तो त्या गटाशीं हात मिळवितो. सल्फेटाजवळ तो नसल्यामुळें तो दूर ढकलला जातो. एका हायड्रोजनाच्या फरकावर ओळख पटविणारें हें कौशल्य पाहून निर्मात्याच्या योजनेविषयीं मन आश्चर्यानें भरून जातें.

मानवी कारागिरानें येथूनच धडे घेतले. ऋण आयनाला ओढणारीं साधनें त्याला ठाऊक झालीं आहेत तीं अशीं: धनभारित नत्रवायूचे अमोनियम गट, प्रथिनांतील आर्जिनीनमध्यें सांपडणारा, दोन हात पुढें करणारा ग्वानिडिनियम गट, यूरिया व थायोयूरिया यांचे हायड्रोजन-बंध देणारे गट, जस्तासारख्या धातूचे आयन, आणि इलेक्ट्रॉनाची उणीव असलेला बोरॉन. पाहुण्याची आकृति पाहून यांची निवड व मांडणी करावयाची.

पूर्ण संवेदकाचे अवयव तीन: आयनाला धरणारी खोबण, प्रकाश देणारा दिवा, आणि दोहोंना जोडणारा आंखूड दुवा. दिव्यासाठीं अँथ्रसीनसारखा, डांबरांतून मिळणारा व निळा प्रकाश देणारा रेणु घेतात. दिवा उत्तेजित होऊन खालची जागा रिकामी झाली, आणि शेजारच्या खोबणींत एखादा इलेक्ट्रॉन सैल बसलेला असला, तर तो संधि साधून दिव्याच्या रिकाम्या जागेंत शिरतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन परतून पाहतो तों जागा भरलेली. मग तो आडवाटेनें निघून जातो व दिवा लागत नाहीं. खोबणींत पाहुणा येऊन त्यानें त्या सैल इलेक्ट्रॉनाला गुंतवून ठेवलें म्हणजे ही ढवळाढवळ थांबते व दिवा उजळतो. श्रीलंकेंतून बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठांत गेलेले ए. प्रसन्न डी सिल्वा यांनीं या रचनेचा मोठा व्यासंग केला आहे.

ऋण आयनासाठीं या तत्त्वाचा सुरेख उपयोग १९८९ सालीं ओहायो राज्य विद्यापीठांतील अँथनी झार्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. त्यांनीं अँथ्रसीनला चार नत्र-अणूंची शेपटी जोडली. किंचित् आंबट पाण्यांत शेवटचे तीन नत्र-अणु धनभारित होतात. दिव्याजवळचा चौथा मोकळा राहून आपल्या सैल इलेक्ट्रॉनांनीं दिवा मंद ठेवतो. फॉस्फेट आला कीं त्याचे ऋण टोंक त्या तीन धनभारित गटांशीं जखडलें जातें व त्याचा उरलेला हायड्रोजन चौथ्या नत्र-अणूकडे झुकतो. सैल इलेक्ट्रॉन गुंततात; दिवा उजळतो. फॉस्फेट-वाहक प्रथिनाची हायड्रोजनची युक्तीच येथें निराळ्या रूपानें उपयोगी पडली असें म्हणतां येईल.

याच्या उलट रीतहि आहे. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजांतील थॉरफिन्नुर गुन्लॉगसन व सहकारी यांनीं २००१ सालीं अँथ्रसीनला थायोयूरियाची खोबण जोडली. तिला स्वतःचा विद्युद्भार नाहीं. फ्लोराइड, ॲसिटेट किंवा फॉस्फेट तिच्या हायड्रोजन-बंधांत बसला म्हणजे खोबणीची इलेक्ट्रॉन देण्याची प्रवृत्ति वाढते व दिवा मंदावतो. उजळणारा दिवा नेहमीं अधिक विश्वसनीय समजतात. कारण दिवा विझण्यास शंभर कारणें असतात, अंधारांत उजळण्यास मात्र बहुधा एकच असतें. त्याहूनहि चांगला संवेदक तो, जो एका रंगाचा प्रकाश सोडून दुसऱ्या रंगाचा देऊं लागतो. दोन रंगांचें गुणोत्तर काढलें म्हणजे संवेदक किती घातला किंवा विजेरी किती प्रखर होती याचा घोळ राहत नाहीं.

तिसरी युक्ति जागा बळकावण्याची. खोबणींत आधींच एक रंगद्रव्य हलकेंच बसवून ठेवावयाचें; खरा पाहुणा आला म्हणजे तो त्याला उठवितो, व मोकळें झालेलें रंगद्रव्य आपला रंग अगर प्रभा बदलतें. टेक्सस विद्यापीठांतील एरिक अँस्लिन यांनीं १९९८ सालीं तीन ग्वानिडिनियम गट एकाच बाजूस वळविलेला रेणु बनवून या युक्तीनें पेयांतील सायट्रेट मोजला. सायट्रेटाचे तीन ऋण हात व खोबणीचे तीन धन हात यांची जोडी नीट जमली. हेंच तत्त्व पाण्याच्या तपासणींत फार पूर्वींपासून आहे. झिर्कोनियम धातूचा आयन व ॲलिझरिन हें रंगद्रव्य यांचें संयुग तांबडें असतें. फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतो, व तांबडा रंग फिका पिंवळा पडतो.

फ्लोराइडसाठीं स्वतंत्र खोबण करतांना बोरॉनचा मोठा आधार झाला. बोरॉनभोंवतीं इलेक्ट्रॉनांची एक जागा रिकामी असते व फ्लोराइडशीं त्याचें सख्य दृढ आहे. पण रिकामी जागा उघडी ठेवली तर कोणीहि येऊन बसेल. म्हणून तिच्याभोंवतीं अवजड गटांची भिंत उभारून इतकीच फट ठेवतात कीं, लहानगा फ्लोराइड आंत शिरावा, व क्लोराइड, ब्रोमाइड बाहेर राहावेत. २००१ सालीं जपानांतील क्योटो विद्यापीठाच्या तामाओ व सहकाऱ्यांनीं बोरॉनला तीन अँथ्रसीन जोडले. फ्लोराइड येतांच त्याचें नारिंगी द्रावण रंगहीन झालें. याच वर्गांतील इतर रेणूंची प्रतिदीप्तिहि फ्लोराइडनें बदलते. हें सारें जलरहित द्रावणांत घडलें. पुढें टेक्ससमधील फ्रांस्वा गाबाई यांनीं बोरॉनशेजारीं धनभारित गट बसवून त्याची ओढ वाढविली, व २००६ सालीं प्रत्यक्ष पाण्यांतून फ्लोराइड पकडून दाखविला.

नवा संवेदक तयार झाला म्हणजे त्याची परीक्षा घेतात. आयनाचें ठाऊक असलेलें द्रावण थेंबाथेंबानें घालून दर वेळीं प्रकाश मोजावयाचा व आलेख काढावयाचा. रेषा प्रथम चढते व खोबणी भरत आल्या म्हणजे आडवी होते. तिच्या वळणावरून पकड किती घट्ट आहे तें काढतां येतें. पकड फार सैल असली तर थोडा आयन कळत नाहीं; फार घट्ट असली तर सर्व खोबणी लगेच भरतात, व थोडें आणि पुष्कळ यांतला भेद राहत नाहीं. १ व १.५ मिलिग्रॅम यांतील अंतर ओळखावयाचें असेल तर रेषेचा चढ नेमका तेथेंच असावा लागतो. नंतर त्याच पाण्यांत क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट हे नेहमींचे सोबती घालून, त्यांच्या गर्दींतहि उत्तर बदलत नाहीं ना हें पाहतात. शुद्ध पाण्यांत उत्तीर्ण झालेले कित्येक रेणु या परीक्षेंत अनुत्तीर्ण होतात. म्हणूनच पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइड मोजण्यास प्रयोगशाळांतून आजहि विशेषेंकरून लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा विद्युदग्र व रंग फिका होण्याच्या रीति वापरतात. प्रकाशमान संवेदकांचें खरें क्षेत्र सध्यां जिवंत पेशींच्या आंत आहे, जेथें विद्युदग्र जाऊं शकत नाहीं. त्यांतील एखादा उद्यां खेड्यांतील विहिरीवर, खिशांतल्या विजेरीच्या साहाय्यानें काम देईल, या आशेनें अनेक देशांत प्रयत्न चालूं आहेत.

नुसतें ओळखून भागत नाहीं, हेंहि खरें. सुदैवानें फ्लोराइड काढण्याचा उपाय आपल्याच देशांत झालेला आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें तुरटी व चुना यांच्या योगें पाण्यांतील फ्लोराइड गाळासह खालीं बसविण्याची रीत तयार केली. तेलंगणांतील नळगोंडा या गांवावरून तिला नळगोंडा पद्धति म्हणतात. मात्र तुरटी किती घालावयाची तें पाण्यांत फ्लोराइड किती आहे यावर ठरतें. म्हणजे फिरून मोजमापाशींच गांठ पडते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं कूपनलिकेचें पाणी पितात, त्यांनीं तें जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेकडून एकदां तपासून घ्यावें. विशेषतः ज्या घरीं दांत यावयाचीं मुलें आहेत त्या घरीं.

आमच्या विद्यार्थ्यांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे कीं, वर्गांत शिकविलेले आयन, भूमितींतील त्रिकोण व आलेखाच्या वह्या यांना कंटाळूं नका. वर सांगितलेला प्रत्येक संवेदक याच साध्या ज्ञानांतून घडलेला आहे. तहानलेल्या लहानग्याला पेलाभर गार पाणी देणाराचें प्रतिफळ व्यर्थ जात नाहीं, असें शुभवर्तमानांत आश्वासन आहे. तें पाणी निर्दोष आहे याची खात्री करून देणारा रसायनज्ञहि त्याच सेवेंत आपला वांटा उचलीत असतो.